पाहुण्यांसाठी निखाऱ्यावरचे स्टार्टर. ९०० वर्षांपूर्वी राजानेच लिहून ठेवली कृती! कोण होता चालुक्य सम्राट सोमेश्वर तिसरा?

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर

घरी पाहुणे येणार म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, जेवणाआधी काय द्यायचं याचा असतो. मोबाइलवर शोधा, 'दहा मिनिटांत बेक्ड ऑयस्टर'पासून चीज मशरूमपर्यंत शेकडो व्हिडिओ समोर येतात. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. समुद्र आपल्या शहरापासून तीनशे किलोमीटरहून लांब असला तरी शिंपल्यात लोणी-लसूण घालून भाजलेली कालवं इथल्या स्क्रीनवरही रोज दिसतात.

छोटा घास, थोडा आंबटपणा, वर मसाला, खाली कडक आच आणि पाहुणा खूश. हे सूत्र मात्र रीलच्या जमान्यातलं नाही. आज ज्याला आपण मराठवाडा म्हणतो त्या मुलखावर राज्य करणाऱ्या एका सम्राटाने इसवी सन ११२९च्या सुमारास अशा पदार्थांच्या कृती संस्कृत श्लोकांत नोंदवून ठेवल्या. त्याचं नाव सोमेश्वर तिसरा. ग्रंथाचं नाव 'मानसोल्लास'.

इतिहासाच्या पुस्तकांत या राजाच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. बापाने उभं केलेलं साम्राज्य याच्या काळात सैल पडू लागलं, एवढंच त्यात बहुतेक वेळा असतं. मग त्याचं नाव आज का घ्यायचं? समजून घेऊ.

सोमेश्वर कोणत्या घरात जन्मला?

कल्याणीचे चालुक्य हे दख्खनमधलं त्या काळातलं सर्वांत मोठं राजघराणं. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. हे मुंबईजवळचं कल्याण नव्हे. तुळजापूर, उमरगा ओलांडून पुढे गेलं की कर्नाटकच्या बिदर जिल्ह्यात हे गाव लागतं. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि त्या भागात मराठी आजही घराघरांत बोलली जाते. त्यामुळे सोमेश्वर 'तिकडचा' राजा आहे असं समजायचं कारण नाही. देवगिरीचे यादव तेव्हा याच घराण्याचे मांडलिक होते.

सोमेश्वराचे वडील विक्रमादित्य सहावा. त्यांनी स्वतःच्या थोरल्या भावाला, म्हणजे सोमेश्वर दुसऱ्याला, बाजूला सारून १०७६ मध्ये गादी घेतली आणि पुढची पन्नास वर्षं सोडली नाही. शक संवत् बाजूला ठेवून स्वतःच्या नावाचं 'चालुक्य विक्रम' वर्ष सुरू केलं. नर्मदेपासून दक्षिणेत कावेरीच्या दिशेने त्यांचा दरारा होता. काश्मीरहून आलेला कवी बिल्हण त्यांच्या दरबारात होता. त्याने त्यांच्यावर महाकाव्य लिहिलं. त्यात कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येच्या स्वयंवराचं वर्णन येतं. ती विक्रमादित्याची राणी झाली. हिंदू कायद्याचा पाया मानली गेलेली 'मिताक्षरा' लिहिणारा विज्ञानेश्वरही याच दरबारातला. वारसाहक्काच्या खटल्यांत वकील अगदी विसाव्या शतकातही ज्या मिताक्षरेचा आधार घेत होते, तीच ही.

थोडक्यात, तलवार आणि पुस्तक दोन्ही घरात होतं. पन्नास वर्षं राज्य केलेल्या बापाच्या पाठोपाठ गादीवर बसणं किती अवघड असतं, हे कुठल्याही मोठ्या घराण्यातल्या किंवा मोठ्या कंपनीतल्या दुसऱ्या पिढीला विचारा.

गादीवर आल्यावर काय झालं?

११२६-२७ च्या सुमारास सोमेश्वर सम्राट झाला. 'भूलोकमल्ल' हे त्याचं बिरुद. म्हणजे पृथ्वीवरचा पैलवान. वडिलांसारखीच त्याच्या काळातल्या शिलालेखांत 'भूलोकमल्ल वर्ष' अशी कालगणना दिसते. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरं बिरुद, 'सर्वज्ञ'. सगळं जाणणारा. पैलवान आणि सर्वज्ञ यांत दुसराच जिंकला, असं त्याच्या आयुष्याकडे पाहून म्हणता येतं.

रणांगणावर परिस्थिती बरी नव्हती. दक्षिणेत होयसळांचा विष्णुवर्धन नावाला मांडलिक होता, पण तो स्वतंत्र राजासारखा वागू लागला होता आणि चालुक्यांच्या मुलखात घुसत होता. पूर्वेला आंध्र किनाऱ्यावरचा वेंगीचा प्रदेश चोळांनी पुन्हा आपल्याकडे ओढला. सोमेश्वराने शैव मठांना जमिनी दिल्या, विद्येला आश्रय दिला, वडिलांचं चरित्र गद्यात लिहायला घेतलं. 'विक्रमांकाभ्युदय' नावाचं हे चरित्र आज अपुरंच मिळतं.

आणि राज्यावर येऊन दोन-तीन वर्षं होतात तोच त्याने 'मानसोल्लास' पूर्ण केला. 'अभिलषितार्थचिंतामणी' हे त्याचंच दुसरं नाव. ग्रंथ राजाच्या नावावर आहे. त्यामागे दरबारातले वैद्य, ज्योतिषी, गवई, माहूत आणि आचारी यांचं ज्ञान असणार, हे वाचताना उघड दिसतं. कारण हत्ती कसा पकडावा इथपासून वडा कसा तळावा इथपर्यंत सगळं एकाच माणसाने हाताने केलेलं असणं शक्य नाही.

'मानसोल्लास'मध्ये नेमकं आहे काय?

रचना एखाद्या नीट आखलेल्या मॅन्युअलसारखी आहे. (इंजिनिअरिंगला असताना अशी अनुक्रमणिका क्वचितच हाताला लागली.) पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय, एकूण शंभर. म्हणून प्रत्येक भागाला 'विंशति' म्हणतात. श्लोक आठ हजारांच्या आसपास. पहिल्या भागात राज्य कसं मिळतं, दुसऱ्यात ते टिकवायचं कसं, तिसऱ्यात राजाने सुख कसं भोगायचं, चौथ्यात करमणूक आणि पाचव्यात खेळ.

जेवण कुठे येतं? तिसऱ्या भागात, 'अन्नभोग' या नावाने. त्याच भागात घर, स्नान, पादुका, विडा, वस्त्र, दागिने, पिण्याचं पाणी, बिछाना यांचेही वेगळे अध्याय आहेत. विड्याला स्वतंत्र अध्याय आहे, हे पानाच्या शौकिनांनी लक्षात घ्यावं.

आता खरी गंमत. पाहुण्याचा उल्लेख फक्त या सुखाच्या भागात नाही. पहिल्याच भागात, राज्य मिळण्याची जी कारणं सांगितली आहेत, त्यांत खोटं न बोलणं, दुसऱ्याला न छळणं, दीन-अनाथांना पोसणं यांच्या रांगेत अतिथिपूजनही आहे. सैन्य, खजिना, किल्ले हे सगळं दुसऱ्या भागात येतं, म्हणजे नंतर. दारात आलेल्या माणसाला नीट खाऊ घालणं ही या राजाच्या लेखी राज्य मिळवण्याच्या पात्रतेची गोष्ट होती. म्हणून पुढे तो पदार्थांत इतका खोल शिरतो, असं मला वाटतं. खादाड राजाचा छंद म्हणून ते सोडून देणं अन्यायाचं होईल.

राजाच्या पंगतीत बसायची पद्धत काय होती?

राजा पूर्वेकडे तोंड करून गादीवर बसतो. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत पांढरं शुभ्र वस्त्र पसरलेलं. म्हणजे आजचा नॅपकिनच. समोर सोन्याचं ताट आणि वाट्या. सोबत आप्त आणि दरबारातली माणसं.

वाढण्याचा क्रम वाचून मराठी माणूस चमकेल. सुरुवात भात, मुगाचं वरण आणि तुपाने. मग मांसाचे आणि भाज्यांचे पदार्थ, मध्ये खीर, फळं, दह्यापासून केलेली शिखरिणी आणि शेवटी ताक किंवा दही आणि भात. लग्नाच्या पंगतीत पहिला वरणभात, त्यावर तूप आणि शेवटी ताक-भात हा क्रम आपण आजही पाळतोच. शिखरिणी म्हणजे आपल्या श्रीखंडाची जुनी बहीण.

भातासाठी तांदळाचे आठ प्रकार सांगितले आहेत. पाण्याबद्दल तर राजा फारच कडक आहे. पाणी स्वच्छ कापडाने गाळून, उकळून घ्यायचं आणि उकळलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं. उकळणं शक्य नसेल तर त्रिफळ्याने शुद्ध करायचं आणि वासासाठी पाटला किंवा चाफ्याचं फूल, नाहीतर कापूर. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहत ड्रम भरून ठेवणाऱ्यांना 'त्याच दिवशी संपवा' हा नियम चैनीचा वाटेल. पण नियम बरोबर आहे.

स्टार्टरच्या कृती काय आहेत?

लक्षात ठेवायची पहिली गोष्ट अशी की या स्वयंपाकघरात मिरची नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळं पोर्तुगीजांच्या मागोमाग, म्हणजे चारशे वर्षांनी आलं. इथला तिखटपणा मिरे आणि आल्याचा आहे. आंबटपणा चिंच, लिंबूवर्गीय फळं आणि आवळ्याचा. आणि जवळजवळ सगळीकडे हिंगाचं पाणी.

मासे घ्या. तुकडे करून स्वच्छ धुवायचे. चिंचेच्या कोळात शिजवायचे. वरून गव्हाचं पीठ नीट भुरभुरायचं आणि गरम तेलात तांबूस होईपर्यंत तळायचं. शेवटी सैंधव, वेलदोडा आणि मिऱ्याची पूड. बस. रवा लावून तळलेल्या सुरमईचा हा पूर्वज. यातलं प्रत्येक पाऊल कशासाठी आहे तेही कळतं: चिंचेच्या आम्लाने माशाचा हिवस वास कमी होतो आणि मांस घट्ट होतं, पिठाने पृष्ठभागावरचं पाणी शोषलं जातं आणि तेलात गेल्यावर कवच कुरकुरीत होतं. राजाने कारण लिहिलेलं नाही, पण क्रम अचूक आहे.

दुसरा पदार्थ पार्टीला आणखी जवळचा. काळजाचे सुपारीएवढे तुकडे करायचे, निखाऱ्यावर भाजायचे, मग मसाल्यात परतायचे आणि दह्यात किंवा मोहरीच्या रसात सोडायचे. सुपारीएवढे, म्हणजे एका घासाचे. भाजून परतायचं, मग थंड दह्यात. हॉटेलात हेच आज काडी टोचून, सॉसच्या वाटीसोबत येतं.

वांग्याचाही एक प्रकार आहे. वांगी आतून कोरायची, त्यात मसाला लावलेला खिमा भरायचा आणि तेलात शिजवायची. आपली भरली वांगी इथून सरळ रेषेत आली असं कुणी म्हणू नये, पण नातं दिसतंच.

शाकाहारी पाहुण्यांसाठीही यादी मोठी आहे. दुधात भिजवलेले वडे, पुऱ्या, पापड, डाळीचे 'धोसक', उडदाच्या पिठाला हिंग-जिरं-मिरं लावून केलेली 'इडरिका'. शेवटची दोन नावं वाचून जे मनात आलं ते बरोबर आहे. फक्त तेव्हाची इडली आजच्यासारखी तांदूळ-उडदाची नव्हती. मांडेही आहेत. गव्हाची पातळ पोळी तापलेल्या खापरावर भाजायची. कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेलात की खापरावरची पुरणपोळी आजही अशीच होते. मुक्ताईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा पदार्थ वेगळा सांगायला नको. निखाऱ्यावर भाजलेल्या 'अंगारपोलिके'चाही उल्लेख आहे. बाटी आणि पानग्याच्या जातीतली.

उंदीर आणि कासवसुद्धा?

हो. आणि इथे बरेच जण स्क्रोल करणं थांबवतील. शेतात आणि नदीकाठी वाढलेले काळे, धष्टपुष्ट उंदीर निवडायचे, शेपटीला धरून गरम तेलात बुडवून केस काढायचे, धुवायचे, मग लोखंडी सळईला लावून लाल निखाऱ्यावर कातडी आक्रसेपर्यंत भाजायचे आणि मीठ-जिरं भुरभुरायचं, अशी कृती या ग्रंथात आहे. हे शेतातले उंदीर आहेत, गटारातले नाहीत. भाजलेलं कासव केळ्यासारखं लागतं, असंही राजा नोंदवतो. रानडुकराचं मांस, हरण, बोकड, नदीचे आणि समुद्राचे मासे सगळं आहे. माशांवर तर चौथ्या भागात वेगळा अध्याय आहे. त्यात पस्तीसच्या आसपास जातींची खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले अशी विभागणी करून कोणत्या माशाला कसलं आमिष लावायचं ते सांगितलं आहे.

(हे वाचून कुणी कासव पकडायला जाऊ नये. भारतातल्या बहुतेक कासवांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पकडलं तर तुरुंग ठरलेला.)

आपल्याकडे पूर्वी काय खायचे यावर समाजमाध्यमांत रोज भांडणं होतात. एक बाजू म्हणते सगळे शाकाहारी होते, दुसरी म्हणते कुणीच नव्हतं. 'मानसोल्लास' दोघांचीही अडचण करतो. मठांना दान देणाऱ्या शिवभक्त राजाच्या एकाच अध्यायात खीर, मांडे आणि सळईवरचं मांस शेजारी शेजारी नांदतं. त्याने कुणाची लाज बाळगून काही गाळलं नाही, आणि जे नव्हतं ते भरलंही नाही. म्हणूनच हा पुरावा म्हणून मोलाचा आहे.

मग बेक्ड ऑयस्टरचा संबंध काय?

बेक्ड ऑयस्टरचा जगातला सर्वांत गाजलेला प्रकार 'ऑयस्टर रॉकफेलर'. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात 'अँटवान्स' या रेस्टॉरंटच्या ज्यूल्स आल्सियातोरे यांनी तो केला. फ्रान्सहून येणाऱ्या गोगलगायींचा तुटवडा होता, म्हणून स्थानिक कालवं घेतली. त्यावर हिरव्या पाल्याचं, लोण्याचं दाट सारण घालून शिंपल्यासकट भाजलं. चव इतकी 'श्रीमंत' लागली की तेव्हाचा सर्वांत धनाढ्य माणूस जॉन डी. रॉकफेलर याचं नाव दिलं. मूळ कृती मात्र त्या रेस्टॉरंटने सव्वाशे वर्षं गुपित ठेवली आहे. जगभर जे होतं ते अंदाजाने.

एका हॉटेलवाल्याने आपलं गुपित राखणं समजण्यासारखं आहे, त्यावर त्याचं पोट आहे. पण साम्राज्याच्या मालकाने आपल्या मुदपाकखान्याचं दार उघडून सगळं लिहून ठेवावं, ही त्याच्या उलट टोकाची गोष्ट. तीही कुणी मागितली नसताना.

घरी करून पाहायचं असेल तर कोकणातली कालवं बहुतेक वेळा फोडून, शिंपल्याबाहेर काढूनच विकली जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ओहोटीच्या वेळी बायका ती खडकावरून काढतात. म्हणून शिंपला मिळाला नाही तर ओव्हनला चालणाऱ्या छोट्या वाट्या घ्या. तळाशी एक-दोन कालवं, वर लोणी, बारीक लसूण, कोथिंबीर, मिरपूड, थोडं लिंबू आणि शेवटी ब्रेडचा चुरा. आवडत असेल तर चीज. कालवात मुळात खारटपणा असतो, मीठ जपून. ओव्हन आधी २३० अंश सेल्सिअसला तापवून घ्या आणि पूर्ण दहा मिनिटं भाजा. अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणा फोडलेल्या कालवांसाठी हेच तापमान आणि हीच वेळ सांगतात, कारण अर्धकच्च्या कालवांतून व्हिब्रिओ नावाचे जिवाणू पोटात जाऊ शकतात. शिंपल्यासकट मिळाली तर आधीच उघडलेली फेकून द्या. तोंड घट्ट मिटलेलीच घ्या. ज्या शहरात कालवं बर्फातून रात्रभर प्रवास करून येतात, तिथे वास जरासा जरी वेगळा वाटला तरी पैसे गेले असं समजावं आणि टाकून द्यावं. पाहुणा दवाखान्यात जाण्यापेक्षा ते स्वस्त.

शाकाहारी घरात हेच सारण मशरूमच्या टोप्यांत भरा. वेळ थोडा जास्त लागेल, पाणी सुटेल ते ओतून द्या.

सोमेश्वरानंतर काय झालं?

११३८च्या सुमारास सोमेश्वर गेला. मुलगा जगदेकमल्ल दुसरा गादीवर आला. त्याच्यानंतरच्या तैलप तिसऱ्याच्या काळात मंगळवेढ्याच्या कलचुरी घराण्यातल्या बिज्जलाने, म्हणजे चालुक्यांच्याच मांडलिकाने, कल्याणी बळकावली. सोमेश्वराला जाऊन तेव्हा पंचवीस वर्षंही झाली नव्हती.

याच बिज्जलाच्या दरबारात महात्मा बसवेश्वर मोठ्या पदावर होते. ज्या गावात सोन्याच्या ताटाभोवतीची पंगत लिहिली गेली, त्याच गावात तीन-चार दशकांत बसवेश्वरांनी 'दासोह' मांडला: आपल्या कष्टाचं आधी दुसऱ्याला वाढायचं, आणि बसणाऱ्याची जात विचारायची नाही. दोघांनाही पाहुणा महत्त्वाचा होता. पंगतीत कुणाला जागा, यावर मात्र दोघांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर. 'मानसोल्लास'मध्ये राजाच्या पंगतीतली माणसं आहेत. निखारे फुंकणाऱ्या आचाऱ्याचं नाव नाही.

चालुक्य पुढे थोडा काळ सावरले आणि संपले. यादवांच्या पाचव्या भिल्लमाने ११८७च्या सुमारास स्वतंत्र राज्य उभं केलं आणि राजधानी केली ती देवगिरीला. आपल्या शहरातून वेरूळला जाताना दिसणारा दौलताबादचा किल्ला म्हणजेच ती देवगिरी. एका अर्थाने कल्याणी विझली तेव्हा आपला परिसर उजळला.

ग्रंथ आपल्यापर्यंत कसा आला?

राज्य गेलं, पोथ्या राहिल्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या हस्तलिखितांतून हा ग्रंथ टिकला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा, यांच्या संस्थानाने प्राच्य ग्रंथांची मालिका सुरू केली होती. त्या मालिकेत जी. के. श्रीगोंदेकर यांनी 'मानसोल्लास' संपादित केला. पहिला खंड १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये, तिसरा १९६१ मध्ये. म्हणजे एका ग्रंथाच्या छपाईला ३६ वर्षं लागली. मधल्या काळात संस्थान विलीन झालं, देश स्वतंत्र झाला. हा जगातला पहिला पाककृतींचा ग्रंथ नव्हे. बगदादमध्ये दहाव्या शतकात मोठं पाकपुस्तक झालं होतं. पण बाराव्या शतकातल्या दख्खनच्या ताटात काय होतं हे इतक्या बारकाईने सांगणारं दुसरं पुस्तक आपल्याकडे सापडत नाही.

मराठीसाठी या राजाचं महत्त्व काय?

हे उत्तर स्वयंपाकघराच्या पाठीमागच्या अंगणात आहे. चौथ्या भागात गाण्यांविषयी लिहिताना सोमेश्वर वेगवेगळ्या प्रदेशांतले गीतप्रकार नोंदवतो. तिथे तो सांगतो की महाराष्ट्रातल्या बाया धान्य कांडताना ओवी गातात. साल ११२९च्या आसपास. नेवाशात ज्ञानेश्वरांनी ओवीतच ज्ञानेश्वरी सांगितली ती १२९०ची. म्हणजे त्याच्या १६० वर्षं आधीची ही नोंद. ओवीच्या इतिहासाचा विषय निघाला की मराठीचे अभ्यासक या एका उल्लेखापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत.

राजाच्या ताटातला आठ प्रकारचा तांदूळ कुणीतरी उखळात कांडलेला होता. आचाऱ्यांची नावं त्याने लिहिली नाहीत, त्या बायांचीही नाही. पण कांडताना त्या गात होत्या आणि त्या गाण्याला ओवी म्हणतात, एवढं त्याने ऐकलं आणि लिहिलं. राजवाड्यातल्या किती राजांच्या कानावर मुसळाचा आवाज पडला असेल, आणि किती जणांनी तो ग्रंथात घेतला?

ग्रंथाला २०२९ मध्ये ९०० वर्षं होतील. बसवकल्याणला किल्ला पाहायला जाणाऱ्यांसाठी: संभाजीनगरहून बीड, तुळजापूर, उमरगा असा रस्ता आहे, आणि सकाळी लवकर निघालेलं बरं.